फूटपट्टीची वजाबाकी

४ फेब्रुवारी

परत नापास! दुसऱ्यांदा! आणि तेही सगळ्यांच्या देखत.

मुलापुढे ठोकळे ठेवले, सूचना छापल्या होत्या तशा शब्दन् शब्द वाचल्या, घड्याळ टेबलाखाली धरलं. सगळं व्यवस्थित. शेवटचा ठोकळा त्यानं बरोबर बसवला आणि मला जरासं हसू आलं. बस्, एवढंच! बुद्धिमत्ता चाचणी घेताना चेहऱ्यावरून मुलाला काही कळू द्यायचं नाही, हे काय मला माहीत नाही? काचेपलीकडून बघणाऱ्या आमच्या मार्गदर्शक बाईंनी बाहेर येऊन सगळ्या शिकाऊंपुढे सुनावलं — "तुमचा चेहरा पेपर फोडतो. दुकान टाका तुम्ही, गिऱ्हाइकं खूश राहतील."

सगळे खिदळले. मीही हसले — मेले, हसले!

शिक्षिकेची पक्की नोकरी सोडून, चाळिशीला टेकल्यावर, शाळेची मानसशास्त्रज्ञ व्हायला निघाले मी. पोरांच्या वयाच्या मुलामुलींबरोबर बसून एम. ए. केलं. आता हे प्रात्यक्षिकाचं वर्ष उरलंय. मार्चमध्ये बाहेरच्या परीक्षकांपुढे एक केस मांडायची. तिथे पडले की सगळं मुसळ केरात.

आजपासून त्या बाईचं नाव फूटपट्टी. हिची जिरवली नाही तर बघा!


७ फेब्रुवारी

सराव म्हणून सासूबाईंची चाचणी घेतली. चेहरा दगडासारखा. प्रत्येक उत्तरानंतर त्या विचारतात, "बरोबर ना गं?" मी म्हणते, "पुढचा प्रश्न."

"अगं, सांग की!"

"सांगता येत नाही, आई."

"मग मलाही तुझा चहा करता येत नाही." आणि उठूनच गेल्या. नवरा आतल्या खोलीत पोट धरून हसतोय. यांना मजा वाटते!


११ फेब्रुवारी

चाचणी कशी घ्यायची ते दाखवायला आज फूटपट्टी स्वतः बसली. आम्ही काचेमागे. समोर दुसरीतली एक मुलगी, सतत फ्रॉकचं बटण पिळत होती. मी तिचं नाव बटण ठेवलं. घेतली चांगली, खोटं कशाला बोलू. एक पापणी हलली नाही बाईची. आणखीच राग आला.


१३ फेब्रुवारी

बैठकीत फूटपट्टीनं बटणचा निकाल वाचला. "वय आठ वर्षं तीन महिने. वयाच्या मानानं बरीच मागे." वर्गशिक्षिकेनं मान डोलावली. झालं! मुलीची रवानगी तळमजल्यावरच्या वेगळ्या वर्गात. आठवड्यातून दोनदा तिच्याबरोबर बसायचं काम माझ्याकडे आलं.

बटण स्वतः मात्र भलतीच चुणचुणीत वाटली मला.


१८ फेब्रुवारी

सापडली फूटपट्टी!

बटण चित्र काढत होती. केकवर मेणबत्त्या काढल्या, सात. मी म्हटलं, "आठ हव्यात ना?" तर माझ्याकडे असं बघितलं की वेडी मीच. "आठवा वाढदिवस अजून खूप लांब आहे. तो नोव्हेंबरात असतो."

नोव्हेंबर! मी तिथल्या तिथे हिशेब केला. फेब्रुवारीतून नोव्हेंबर वजा होत नाही. म्हणून वर्षांतलं एक उसनं घ्यायचं, त्याचे बारा महिने करायचे. फूटपट्टीनं महिने घेतले आणि वर्ष कमी करायलाच विसरली! तोंडी हिशेब करते ना, मोठी शहाणी. मुलगी सात वर्षं तीन महिन्यांची. तिचे गुण मोजले आठ वर्षांच्या मुलांच्या तक्त्यात. मी सातच्या तक्त्यात बघितलं — पोरगी अगदी बरोबर आहे. काही मागेबिगे नाही.

दुसरीतली वजाबाकी! मनात नुसत्या उकळ्या फुटतायत.


१९ फेब्रुवारी

ठरलं. आत्ता तोंड उघडलं तर ती "अरेच्चा" म्हणेल, गुपचूप दुरुस्त करेल, आणि विषय संपला. ते नाही चालायचं. १६ मार्चला परीक्षकांपुढे माझी केस म्हणजे बटण. बाहेरची तीन माणसं, आमची सगळी तुकडी, आणि फूटपट्टी पहिल्या रांगेत. सगळ्यांच्या देखत मला बोललीस ना? घे मग!

नवऱ्याला सांगितलं. त्याला आनंद व्हायला हवा होता. तर म्हणे, "आणि ती मुलगी? तोवर खालीच बसणार?"

तीन-चार आठवड्यांनी काय आभाळ कोसळतंय? खाली काय मारतात तिला? यालाही नेमकी आजच अक्कल सुचली.


२६ फेब्रुवारी

फूटपट्टी मला म्हणाली, "तुमच्यात सुधारणा आहे." मी म्हटलं, "तुमच्याकडूनच शिकतेय, मॅडम." इतकं गोड बोलले की माझं मलाच नवल वाटलं.


४ मार्च

बटणला आज एक सोपं कोडं दिलं. पूर्वी हात वर करून ओरडायची — "मी सांगते, मी सांगते!" आज नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "मी खालच्या वर्गातली आहे ना, मला नाही येत."

येतं गं बाई तुला. चांगलं येतं.

तिथून उठून फूटपट्टीच्या दारापर्यंत गेले. ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "यंदाची तुकडी जेमतेमच आहे." परत फिरले. बस, थोडेच दिवस!


९ मार्च

बटणची आई फाटकाशी भेटली. "घरी मी हिच्याकडे लक्ष देत नाही, म्हणून असं झालं का हो?" मी म्हटलं, "बघू या." दुसरं काय म्हणणार होते?


१६ मार्च

झालं! काय झालं म्हणून सांगू!

फळ्यावर दोन तारखा लिहिल्या. वजाबाकी केली, सावकाश. वर्ष कमी केलं, आठाचे सात झाले. एक परीक्षक चष्मा काढून पुढे आले. मी फूटपट्टीकडे बघत होते — आता पडते तोंडावर!

ती उठली. म्हणाली, "चूक माझी आहे. मुलीला उद्याच्या उद्या वर्गात परत घ्या. आईला मी स्वतः भेटून माफी मागते." एक सबब नाही. निदान थोडी तरी तडफडायला हवी होती! मग विचारलं, "तुमच्या कधी लक्षात आलं?"

"परवा," म्हटलं. "केस तयार करताना."

पास. वर परीक्षकांची शाबासकी. सासूबाई म्हणाल्या, "नाक ठेचलंस गं तिचं!"

झोप मात्र येत नाहीये.


१७ मार्च

बटण तिच्या वर्गात परत. आईनं माझे दोन्ही हात धरले, "तुम्ही होतात म्हणून!" फूटपट्टी शेजारीच उभी होती. बटण म्हणाली, "आई, मी यांना कधीचंच सांगितलं होतं, मी सात वर्षांची आहे म्हणून. त्या म्हणाल्या, कुणाला सांगायचं नाही, आपल्या दोघींचं गुपित."

हे मी इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.