गोलामागची हाक

उस्ताद, दवाखान्यात तुम्ही मला एकच प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर खोटं दिलं. तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षं होतील. तेवढ्या काळात मी सात गावं बदलली, कामं किती बदलली ते मोजलं नाही, पण कुठंही खोली घेतली तरी तो प्रश्न माझ्या आधी येऊन आत बसलेला असतो. ते खोटं खोडायलाच लिहायला बसलोय. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, एक सांगता सांगता दुसरीकडं जाईन. जाऊ द्या. येतो परत.

सध्या मी चाकणला असतो, टेम्पो चालवतो. मागच्या गुरुवारी मालकाच्या मेव्हण्याचं कपाट वाकडला पोचवायला गेलो होतो. त्या उंच बिल्डिंगांच्या मधे जाळी लावलेलं एक हिरवं मैदान आहे, भाड्यानं मिळतं. त्याच्या फाटकाशी गाडी लावली तर वॉचमन धावत आला, "भाऊ, इंजिन बंद करा, मॅच चालू आहे." मी म्हटलं, "मॅच आहे तर आरडाओरडा कुठंय?" तो म्हणाला, "आवाज करायचा नाही, हीच तर मॅच आहे राव." इंजिन बंद केलं आणि ऐकू आलं. खडखड, खडखड. बॉलच्या आतले छर्रे. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली माणसं त्या आवाजामागं पळत होती आणि एकमेकांच्या जवळ जाताना "वॉय, वॉय" म्हणत होती. गोलामागं एक बाई उभी राहून हाक देत होती, "सरळ, सरळ, आता डावीकडं." माझे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. कपाट उतरवायला दोन माणसं वर थांबली होती, ती खाली येऊन शिव्या द्यायला लागली तेव्हा मी हललो.

अंगावर जाताना आधी आवाज द्यायचा, त्याला जगात वॉय म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही आम्हाला "आलो" म्हणायला लावलं होतं.

भोसरीच्या वर्कशॉपमागची ती जागा आठवते मला. एका बाजूला नाल्याची भिंत, दुसऱ्या बाजूला पावडर कोटिंगवाल्याचं शेड, तिसरीकडं रस्ता. धड चौकोन नाही, तिकोनी. मी तेव्हा वीस वर्षांचा, तुमच्या शेजारच्या लेथवर. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी आणि खोलीवर सहा जण, म्हणून सगळे तिथंच येऊन बसायचे. तुम्ही कोल्हापूरचे, तरुणपणी तालमीच्या टीमकडून फुटबॉल खेळलेले, तुम्हाला रिकामी जागा बघवायची नाही. आम्ही म्हटलं, यात कसला फुटबॉल. तुम्ही म्हणालात, "जागा तिकोनी हाय तर खेळ बी तिकोनी करूया की." तीन कोपऱ्यांत तीन गोल, तीन टीम: आपली, पावडर कोटिंगवाल्यांची आणि समोरच्या स्प्रिंगवाल्यांची. सगळे एकाच वेळी मैदानात, बॉल एकच. किती गोल मारले याला किंमत नाही, किती खाल्ले ते मोजायचं, सगळ्यात कमी खाल्लेला जिंकला. मग काय, दोघांनी मिळून तिसऱ्यावर चढायचं आणि मधेच फिरायचं. तो स्प्रिंगवाला लातूरचा गडी रडकुंडीला यायचा. "ओ उस्ताद, आत्ता तर आपण एकीकडं होतो की!" आणि तुम्ही बॉल त्याच्याच गोलात ढकलून म्हणायचे, "व्हतो की. ते मगाशी."

पुढं तुम्हीच चालायचा फुटबॉल काढला, म्हाताऱ्यांसाठी. पळायचं नाही. एक पाय कायम जमिनीला, दोन्ही उचलले की बॉल समोरच्यांना. बॉल कमरेच्या वर जायला नको, अंगाला अंग घासायला नको. सोपं वाटतं, पण चालत चालत बॉल काढून घेणं काय असतं ते एकदा करून बघावं. चहावाले मामा, भोसरीतले जुने, शेत विकून टपरी टाकलेले, ते धोतर खोचून उतरायचे. "मामा, पळताय तुम्ही!" "पळत न्हाई रं, माझं चालणंच आसं हाय." "दोन्ही पाय वर होते!" "तू माझं पाय बघतूस का बॉल बघतूस?" तुम्ही हसून खाली बसायचे. मला वाटायचं तुम्ही दमताय. तुम्हाला समोरचं दिसेनासं होत होतं, म्हणून तुम्ही चालायचा खेळ काढला होता, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

शुगरनं तुमचे डोळे खाल्ले. आधी कडा गेल्या, मग मधलं. लेथवर जॉब मोजायची वेळ आली की तुम्ही मायक्रोमीटर माझ्याकडं सरकवायला लागलात. मी हळूच आकडा सांगायचो, तुम्ही मान हलवून कट घ्यायचे. शेठला वाटायचं उस्ताद पोराला शिकवतोय. तुमचा हात इतका बसलेला होता की आकडा कानात पडला की पुढचं हातच करायचा. वर्षभर आपण तसं काढलं, एक जॉब परत आला नाही. तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, "डोळं गेलं तर जाऊ देत लेका. कान हाईत की. कान असला म्हणजे माणूस रस्त्याला लागतो."

त्यातूनच तो तिसरा खेळ. सुरुवातीला तुम्ही बॉलला दुकानातली कॅरीबॅग गुंडाळली, सळसळ आवाज यायला. दोन लाथांत फाटली. मग मोच्याकडून शिवण उसवून घेतलीत, बामच्या रिकाम्या डब्यांत बेअरिंगचे छर्रे भरले आणि डब्या आतून कातड्याला शिवून घेतल्या. पहिल्याच दिवशी डबीच्या कडेनं ब्लॅडर कापलं. तुम्ही डब्यांना सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं आणि मग तो बॉल टिकला. त्याच तिकोनात दोन गोलांचा लांबट पट्टा आखून दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढे पत्रे आडवे लावले, बॉल बाहेर जायला नको म्हणून. पट्टी सगळ्यांना, तुम्हालाही, कारण तुम्हाला अजून जरा उजेड दिसायचा, बाकीच्यांना सगळंच, पट्टीखाली सगळे सारखे. डोळस फक्त गोलकी. आणि समोरच्या गोलामागं आपला एक डोळस माणूस, हाक द्यायला. बॉल ज्याच्याकडं आहे त्याच्यावर जायचं तर आधी "आलो" म्हणायचं, नाही म्हटलं तर फाऊल, कारण आंधळ्याच्या अंगावर न बोलता जाणं म्हणजे मारणंच. आणि बघणाऱ्यांनी चूं करायचं नाही. गोल झाल्यावर काय ते ओरडा.

हाक द्यायला तुम्ही मला निवडलं. म्हणालात, "तुझा आवाज माझ्या कानाला सवयीचा झालाय, मायक्रोमीटरमुळं." मी दोन ड्रमच्या मागं उभा राहायचो, कधी ड्रम वाजवायचो, "इथं उस्ताद, सरळ, थोडं उजवीकडं, मारा!" आणि तुम्ही माझ्या आवाजावर यायचे. तोंड वर करून, हसत, जसं कुणी उजेडाकडं येतं. उस्ताद, माझ्यावर इतका विश्वास कुणी टाकला नव्हता. नंतरही कुणी टाकला नाही.

आता तो गुरुवार. दुपारचे चार वाजलेत. तुमच्याकडं बॉल आहे, दोघांना चुकवून तुम्ही निघालाय, आणि माझा फोन वाजतो. ट्रकवरचा मित्र. उद्या केरळला गाडी निघतेय, क्लीनर पाहिजे, येतोस का. माझ्या पायाला भिंगरी, तुम्हीच म्हणायचे. तिथं सगळे पत्रेच पत्रे, रेंज यायची ती फक्त भंगाराच्या ढिगाजवळ, गोलापासून पंधरा-वीस पावलं डावीकडं. मी बोलत बोलत तिकडं गेलो. मोठ्यानं, हसत, पगार किती, जेवण कुणाचं. आणि मी बघतोय, तुम्ही येताय. खडखड, खडखड. ड्रमच्या डावीकडून निघालात. मैदान संपलं तरी येताय, तोंड वर, थेट माझ्याकडं. गोलकी गप्प, त्याला वाटलं बॉल बाहेर चाललाय तर बरंच आहे. बघणारे गप्प, कारण बोलायचं नाही हा तुमचाच नियम. मामा तोंडावर हात ठेवून उठून उभे राहिले. मला "थांबा" म्हणायला किती वेळ लागला असता? मी फोनवरचं वाक्य पुरं करत होतो.

मामा ओरडले तोवर तुम्ही ढिगात. लेथवरून निघालेल्या लोखंडाच्या त्या कुरळ्या, धारदार पट्ट्या, बर म्हणायचो आपण त्याला, पोत्यांतून बाहेर आलेल्या. तुम्ही पडलात, उठलात, डोळ्यांवरची पट्टी वर सरकवून म्हणालात, "गोल झाला काय?" सगळे हसले. मीही हसलो, फोन खिशात टाकून. शुगरमुळं तुमच्या पायाला काही कळत नव्हतं. तुम्ही पुढं पाच मिनिटं खेळलात सुद्धा. चहाला बसून कॅनव्हासचा बूट काढला तेव्हा मोजा लाल होऊन पायाला चिकटला होता.

जखम भरली नाही. आठवड्यात पाय काळा पडला आणि डॉक्टरांनी घोट्याच्या वरून कापायचं ठरवलं. आदल्या दिवशी मी आलो तेव्हा चाची औषधं आणायला खाली गेली होती. तुम्ही माझा हात धरलात. "एक सांग लेका. तू कुठं उभा होतास?" रागानं नाही विचारलंत. जॉब मोजताना आकडा विचारायचे, तसंच. आणि मी म्हणालो, "गोलामागंच, उस्ताद." तुम्ही हात सोडलात. मग म्हणालात, "बरं. मग कान बी गेलं म्हणायचं."

मी गोलामागं नव्हतो. तुम्ही ऐकलंत तिथंच होतो. तुमच्या कानांत काहीही बिघाड नव्हता.

त्यानंतर चौथ्या दिवशी मी केरळच्या दुसऱ्या एका गाडीवर चढलो. तिकडं भाताच्या चिखलात फुटबॉल खेळतात, तुम्हाला सांगायला हवं होतं. नांगरलेलं खाचर, गुडघाभर चिखल, अनवाणी. बॉल टप्पा खात नाही, जिथं पडेल तिथं रुतून बसतो, आणि त्याला लाथ मारायला गेलं की माणूसच आडवा. मी खेळलो, लोक हसले, मीही हसलो, आणि मधेच कुठून तरी खडखड ऐकू आली. चिखलात कसली खडखड येणार. फोनवर तुमची बातमी आली तेव्हा मी तिथंच होतो. तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले होते. पुढं एका गावात कुबड्यांवरचा खेळ बघितला. एका पायाची माणसं, दोन कुबड्यांवर तोल धरून तो एकच पाय असा फिरवतात की बघत राहावं. कुबडी बॉलला लागली तर हात लागल्यासारखं धरतात, अर्धा राहिलेला पाय लावणंही चालत नाही, आणि गोलकी एका हाताचा. मी कुंपणाला धरून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, उस्ताद, हा पण आहे, हा पण खेळ आहे, पाय गेला म्हणून संपत नाही. कुणाला सांगत होतो कोण जाणे.

वाकडहून परत येताना भोसरीला गाडी थांबवली. चाची तुम्ही दोघं राहायचात त्याच खोलीत आहे, पिको-फॉल करते. मला ओळखलं. चहा दिला, खारी दिली. मी ठरवून गेलो होतो की सांगायचं. तीच बोलायला लागली. म्हणाली, "पायाचं त्यांनी काही मनावर घेतलं नव्हतं रे. पण कानावरचा भरवसाच गेला. आधी पाण्याचा टँकर वळणावर असतानाच मला सांगायचे, घागरी काढ. नंतर टँकर दारात उभा असला तरी विचारायचे, खरंच आलाय का? अजान झाली तरी विचारायचे, कुठल्या बाजूनं आली? कुबडी आणून दिली तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. वर्षभर खाटेवर बसून राहिले." मग माझ्या कपात आणखी चहा ओतत म्हणाली, "तुझं नाव काढायचे. पोरानं हाक बरोबर दिली होती, मीच चुकलो म्हणायचे."

मी खारी खाल्ली, उस्ताद. चहा पिऊन उठलो, येतो म्हटलं.

काल कब्रस्तानात गेलो. तुमची जागा चाचीनं सांगितली होती, नळाच्या पलीकडं, लिंबाखाली. ठरवलं होतं, जवळ उभं राहून एक वाक्य मोठ्यानं म्हणायचं, भंगाराजवळ होतो मी. नळापर्यंत गेलो आणि हात धूत राहिलो. तिथं गवत काढणारा एक म्हातारा होता, त्यानं विचारलं, "कुणाकडं आलात?" मी म्हटलं, "कुणाकडं नाही, वाट चुकलो." आणि बाहेर पडलो. खोलीवर येऊन ही वही काढली. पत्रच लिहायला घेतलं, कारण तुम्ही असतात तरी लिहिलेलं तुम्हाला दिसलं नसतं.