साबणाच्या खोक्यावरची आजी

तीर्थरूप आईस,
इथूनच पाया पडते, वाकले आहे असं समज.

मी मजेत आहे. जेवते वेळेवर. पण दादाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं: मी नोकरी सोडली.

साबणाच्या नव्या खोक्याचं डिझाइन माझ्याकडे होतं. साबण निघून वर्षही झालं नाही, पण साहेबांना त्यावर जुन्या काळची गोष्ट हवी होती आणि गोष्टीला एक आजी. मी सुट्टीवर असताना त्यांनी माझ्या टेबलावरचा तुझा फोटो उचलून नमुना छापला. तुला अजून एकही नातवंड नाही, आणि यांनी तुला आजी करून टाकलं! वर म्हणे, "चेहरा किती खरा आहे!" स्टोव्ह भडकला तेव्हाचा तुझ्या गालावरचा डाग मात्र सफाईने पुसलेला.

मी म्हटलं, "ही माझी आई आहे. तिने हा साबण हातातही धरलेला नाही."

"लोकांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना!" म्हणत मी तो नमुना टराटरा फाडला. कॉम्प्युटरवरचाही माझ्या डोळ्यांदेखत काढायला लावला.

बाबांना जरा बेताने सांग. भडकले तर म्हणावं, पोरगी तुमच्यावरच गेलीय. काम मिळेल गं. खोली सोडायची वेळ येणार नाही, बहुतेक. तुझी कंबर कशी आहे?

तुझा फोटो आता माझ्या खिडकीपाशी आहे, डागासकट. इथे तुला कुणाला काही विकावं लागणार नाही.

तुझी हट्टी लेक