उपासाच्या दिवशीची गोळी

४ सप्टेंबर, गुरुवार
ओपीडीत मरणाची गर्दी. कोन गावच्या हिराबाई मावशींना संधिवाताची नवी गोळी सुरू. आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर विष. समजावायचं काम अर्थातच माझ्याकडे. 'गुरुवार' म्हटलं की मान डोलावतात, परत विचारलं की "सोमवारी ना?" पण गुरुवारचा उपास म्हणे कधी चुकलेला नाही. मग म्हटलं, "मावशी, ही पिवळी फक्त उपासाच्या दिवशी." चटकन डोक्यात बसलं. डॉ. खूश. मीही घरी येईपर्यंत स्वतःवर खूश.

१८ सप्टेंबर, गुरुवार
मावशी तपासणीला आल्या. गाठोड्यात माझ्यासाठी शिराळी. "तुमी सांगलं तसंच घेते, बाय." मूठ थोडी मिटते आता.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
डब्याच्या वेळी शिंदे सिस्टरने शिंगाड्याचं थालीपीठ पुढे केलं. "घे गं, माझे नऊही दिवस उपास आहेत." घास हातातच राहिला. नवरात्र! मावशीही धरत असणार. फोन लागेना. डॉ.ना सांगितलं, रिक्षा केली. कोन येईपर्यंत देवीला काय काय बोलले, लिहिण्यासारखं नाही.

ओटीवर बसलेल्या. ओठ सुजलेले. "तुमीच सांगलं ना बाय, उपासाच्या दिवशी. आता रोजच उपास हाय." घट बसल्यापासून रोज एक. "तोंड आलंय. भगर पण झोंबते. देवीचं दिवस हायेत, चालायचंच."

सून आणि मी, दोघींनी धरून रिक्षात बसवलं. नवरात्र कसं विसरले मी? माझ्या घरीसुद्धा घट आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार
उताऱ्याचं इंजेक्शन चालू. पांढऱ्या पेशी उतरल्यात. डॉ. म्हणाले, अजून उतरतील, पुढचे काही दिवस महत्त्वाचे. मला बोलले नाहीत. दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.
सुनेने विचारलं, "सिस्टर, आईंचं चुकलं कुठं?"
"त्यांचं नाही. माझं चुकलं."
ती पाण्याची बाटली भरायला गेली.

२९ सप्टेंबर, सोमवार
सकाळी मावशींना ताप. नको होता तोच. रक्त परत पाठवलं.

जंतुसंसर्ग नको म्हणून मावशींना वेगळ्या खोलीत हलवायचं ठरलं. स्ट्रेचर मी ढकलत होते. शेजारच्या खाटेवरची नवीन बाई हातातल्या गोळ्या उलटसुलट करत बसलेली. मावशींनी स्ट्रेचर थांबवायला लावलं. धड बोलता येत नाही, तरी माझ्याकडे बोट करून तिला म्हणाल्या, "हिला इचार. ही सांगंल तसंच घे. बरोबर सांगते."

बाईने गोळ्या माझ्यापुढे धरल्या. "कधी घ्यायच्या, सिस्टर?"

आलेच, म्हटलं. अजून गेलेले नाही. रिपोर्टही आलेला नाही.