वरच्या पायरीचा उलटा पत्रा

मंगळवार, चौदा तारीख, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे.

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद. तुझी कंबर आता बरी असेल आणि बायकोचं ऐकून मीठही सोडलं असशील, असं धरून चालते.

वरची वेळ तुझ्या अपराधाची आहे. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे थेंब घालून आंधळी बसले होते, तेव्हा तुझ्या कारखान्यातल्या दोघांनी माझ्या बाहेरच्या जिन्याच्या लाकडी फळ्या उचकटल्या आणि चेकर प्लेट बसवली, ट्रकच्या पायरीवर असते तसली, उंचवट्यांची. मला विचारलं? छे! (एकदाच पडले मी, तेही ओल्या चपलेमुळे. पण तेवढ्यावरून लेकाने फर्मान काढलंय: पुन्हा घसरलीस की खोलीला कुलूप, मुक्काम माझ्याकडे. म्हणजे जन्मभर त्यांच्या टीव्हीसमोर.)

भांडायच्या तयारीने घरी आले, तर त्या उंचवट्यांकडेच बघत राहिले. एक असा, शेजारचा तसा, तिरपे का? तुझा वेल्डर हत्यारं आवरत होता. म्हणाला, "आजी, पाय कुठूनही सरकू दे, एक तरी आडवा आलाच पाहिजे." पटलं. पण शाळेत सिस्टरांनी शिकवलंय, आधी मोजावं, मग बोलावं. ती माणसं गेल्यावर चपलेत वीट ठेवली, ताणकाटा अडकवला आणि पायरीपायरीवर ओढली; आधी कोरडी, मग साबणाच्या पाण्यातून. (शेजारीण गॅलरीतून विचारते, "काय हो, कुत्रं पाळलंत?")

अकरा पायऱ्या पास. बारावी, सगळ्यात वरची, जिथे मी एका हातात पिशवी धरून दुसऱ्याने कुलूप उघडते, तिथे वीट सुर्रकन निघाली. चष्मा लावून पाहिलं, तर पत्रा उलटा! गुळगुळीत बाजू वर, उंचवटे खाली. वेल्डरला फोन केला. "आजी, तिथे पायपुसणं येणार ना? उंचवट्यांवर ते डुगडुगतं, म्हणून सपाट बाजू वर घेतली." आता जिन्याखालचा कोळी तेवढा घसरायचा नाही.

तुझी (अजून रागावलेली) ताई

ता. क. वीट निघाली असं वर लिहिलंय. वीट नव्हती, मी होते. गुडघा निळा झालाय. लेकाला टेबलाचा कोपरा लागल्याचं सांगितलंय.

आणखी ता. क. तो शनिवारी सकाळी जिना तपासायला येतोय. त्याआधी तेवढी एक पायरी सुलटी कर, बाकीच्या अकरांना हात लावू नकोस, त्या मला आवडल्यात. फोन नको, फोनवर तू हो म्हणतोस आणि विसरतोस. केल्याचं लेखी उत्तर, गुडघ्याचा उल्लेख न करता, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.