आकडे उलटे वाचायचे

बाबा, आज दुपारी माझ्या धाकट्याने विचारलं की मी नंबर उलटे का वाचते. त्याच्या शाळेच्या फॉर्मवर पासपोर्ट नंबर लिहीत होते. लिहून झाल्यावर शेवटच्या आकड्यापासून पहिल्याकडे बोट नेत पुटपुटले, नेहमीसारखं. "ममा, व्हाय बॅकवर्ड्स? जस्ट कॉपी-पेस्ट इट ना," तो म्हणाला. मी उगाचच खेकसले त्याच्यावर. मग उठले, चहा केला, तो तसाच ठेवला, दारातल्या चपला सरळ केल्या, परत बसले, परत उठले. शेवटी कागद घेतला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी एक ओळ लिहिली नाही तुम्हाला. लिहिणार तरी काय, तुम्ही आधी शुद्धलेखन तपासलं असतंत.

उलटं वाचायला तुम्हीच शिकवलंत. "सरळ वाचलं की डोळा लबाडी करतो, मनात असेल ते वाचतो. उलटं वाच, म्हणजे कागदावर आहे तेच दिसेल." रास अल खैमातलं आपलं ते टायपिंगचं दुकान, एका बाजूला कॅफेटेरिया, दुसऱ्या बाजूला गादीवाला. आत एक अरबी टाइपरायटर, एक इंग्रजी, एक कुरकुरणारं झेरॉक्स मशीन, आणि दारावर पाटी की वर्तमानपत्राच्या जाहिराती इथे घेतल्या जातील. सगळं गाव त्या दारातून जायचं. कुणाला बेड स्पेस, म्हणजे खोलीतली एक खाट, भाड्याने द्यायची असे, कुणाला गाडी विकायची असे, कुणाचा पासपोर्ट हरवलेला, कुणाचं मांजर. कायमचं मायदेशी निघालेलं एखादं कुटुंब 'लीव्हिंग फॉर गुड' असं वर लिहून खाली फ्रिज, पलंग, पडदे अशी सगळ्या संसाराची यादी द्यायचं. शाळा आणि जेवण उरकून चार वाजता दुकान परत उघडताना मी तुमच्याबरोबर यायचे. तुम्ही टाइप करायचात, मी तपासायचे. सूर्यास्ताला, मगरीबच्या अजानच्या आधी पेपरची गाडी यायची आणि तपकिरी पाकीट घेऊन दुबईला जायची. तेरा वर्षांची होते मी आणि मला वाटायचं की हे गाव माझ्या डोळ्यांवर चाललंय.

त्या जाहिरातींत एक प्रकार होता, पळालेल्या माणसाच्या नोटिशीचा. वर फोटो, खाली नाव, पासपोर्ट नंबर, आणि ठरलेला मजकूर, की सदर इसम परवानगीशिवाय काम सोडून गेला आहे, त्याला कुणी कामावर ठेवल्यास तो स्वतः जबाबदार राहील. आठवड्याला दोन-तीन तरी यायच्या. फ्रिजच्या जाहिरातीला जो चेहरा, तोच चेहरा करून तुम्ही त्या टाइप करायचात. एकदा मी विचारलं, "बाबा, ही माणसं करतात काय?" तुम्ही म्हणालात, "जातात." एवढंच. मला राग यायचा तुमच्या अशा एकेका शब्दाचा. अजून येतो.

आणि मग सुतारकाका. ते रत्नागिरीकडचे, तीन पिढ्या होड्या बांधणाऱ्या घरातले, आणि इथल्या कंपनीने त्यांना लावलं होतं ऑफिसांची खोटी छतं ठोकायला. दर गुरुवारी संध्याकाळी आईला पत्र लिहायला आपल्या दुकानात यायचे, कारण खोलीत आठ माणसं आणि टेबल एकही नाही. "मास्तर, हे जिप्सम म्हणजे काय सांगू, खडू कापल्यासारखं वाटतं. लाकूड कसं, हाताला उलट बोलतं," असं म्हणायचे आणि आपल्या काउंटरवरून तळवा फिरवायचे. तुम्ही हसायचात. त्या माणसाबरोबर तुम्ही खरंच हसायचात. माझी मान सारखी वाकडी होते म्हणून त्यांनी मला सागाच्या तुकड्यांचं एक तिरकं स्टँड करून दिलं, कागद उभा ठेवायला, आणि त्याला एक सरकती पट्टी, वाचायची ओळ तिच्यावर टेकवायची. "आता बघ, एक अक्षर निसटणार नाही तुझ्या हातून," म्हणाले. ते स्टँड माझ्याकडे अजून आहे. हा कागद त्यावर नाही ठेवलेला.

थांबा, आधी ती दुसरी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी सोयीचं तेवढंच सांगेन. सुतारकाका यायचे थांबले, त्याच आठवड्यात माझ्या हातून एक चूक गेली होती. 'लीव्हिंग फॉर गुड'वाल्या एका घराच्या जाहिरातीत फोन नंबर चुकलेला, आणि तो मी तपासून बरोबर म्हणून पाकिटात घातलेला. लोकांचे फोन कुठल्याशा दवाखान्यात गेले. त्या घरी एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. जाण्याच्या दिवशी त्यांनी पलंग आणि कपाट जिन्यात सोडलं आणि बाई आपल्या दुकानात येऊन रडल्या. तुम्ही त्यांच्यासमोर, दोन पठाण गिऱ्हाइकांसमोर आणि चहा घेऊन आलेल्या कॅफेटेरियावाल्यासमोर मला म्हणालात, "तुला कशाची काळजीच नाही. उलटं वाचलंस का? नाही वाचलंस. नुसती मिरवायला बसतेस इथे." मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुमच्या ते लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. मी मात्र मनात एकच ठरवलं होतं, की एक दिवस मी यांची चूक पकडणार.

सुतारकाका कंपनी सोडून गेले ते त्याच सुमाराला. तीन वर्षं रजा नाही, पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, आणि खाडीपलीकडे एका म्हाताऱ्या अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, यार्डात लाकडी होडी उभी राहत होती, तिला सुतार हवा होता. एका गुरुवारी ते पत्र लिहायला आलेच नाहीत. शनिवारी त्यांच्या कंपनीचा मंदूब आला, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद फिरवणारा तो केरळचा माणूस. हातात फोटो आणि पासपोर्टची झेरॉक्स. "मास्टरजी, एक और भाग गया. कल के पेपर में डालो. यल्ला, जल्दी." तुम्ही फोटो पाहिलात, टाइप केलंत. मंदूबने नंबर ताडून पाहिला, कंपनीचा शिक्का मारला, "खलास" म्हणाला आणि गेला. तुम्ही कागद थोडा वेळ स्वतःकडे ठेवलात. मग माझ्या स्टँडवर ठेवून म्हणालात, "हे मी पाहिलंय. तू नुसतं पाकिटात घाल." आणि नमाजाआधी बंद होईल म्हणून घाईने बँकेत गेलात.

मी ते नुसतं पाकिटात घातलं नाही. पट्टी सरकवली, झेरॉक्स शेजारी धरली, आणि शेवटच्या आकड्यापासून पहिल्याकडे वाचत गेले. मधले दोन आकडे एकमेकांच्या जागी होते. बाबा, मला झालेला आनंद काय सांगू. तुमची चूक. तुमची! मी नंबर दुरुस्त केला, कागद पाकिटात घातला, गाडी आली, पाकीट गेलं. तुम्हाला सांगितलं नाही. पेपर आल्यावर सांगणार होते, सगळ्यांसमोर, जसं तुम्ही मला सगळ्यांसमोर म्हणालात तसं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पेपर उघडलात ते मला आजही दिसतं. काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे आहात. बोट त्या चौकटीवर येतं, उजवीकडून डावीकडे सरकतं, परत उजवीकडे जातं, परत सरकतं. चहावर साय धरते. मी तोंड उघडलं होतं सांगायला. तुमचा चेहरा पाहून मिटलं.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरात सुरमई तळत होती. तुम्ही दाराशी उभे होतात आणि मी हॉलमध्ये भूगोलाचं पुस्तक उघडून बसले होते. तुम्ही म्हणालात, "अरबाबाने त्याला सांगितलं होतं, पेपरात तुझा नंबर आला तर मी ठेवू शकणार नाही. फोटोचं काही नाही, फोटो काळेच छापतात. नंबर नको. म्हणून मी दोन आकडे फिरवले होते. माझ्याच हातून काम नीट झालं नाही बघ." आई म्हणाली, "अहो, कळलं असतं कुणाला तर? दुकान गेलं असतं." तुम्ही म्हणालात, "हो." परत एकच शब्द. मासा करपल्याचा वास आला आणि आईने गॅस बंद केला. त्या वेळी मी उठून आत यायला हवं होतं. दहा पावलं होती. मी नद्यांची नावं पाठ करत राहिले.

चार दिवसांनी मंदूब सांगून गेला, "मिल गया आपका दोस्त. टिकट हो गया." भेटू देतील का, असं तुम्ही विचारलंत, त्याने नकारार्थी मान हलवली. शुक्रवारी तुम्ही मला घेऊन त्या यार्डात गेलात, का नेलंत कोण जाणे. वाळूत अर्धी होडी उभी होती, एका बाजूला फळ्या बसवलेल्या, दुसरी बाजू नुसत्या फासळ्या. म्हातारा अरबाब खुर्चीवर बसला होता. त्याने सुतारकाकांची हत्यारांची पेटी तुमच्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "आदमी बहुत अच्छा. लेकिन नंबर सेम-सेम. मैं क्या करेगा?" तुम्ही म्हणालात, "तुम कुछ नहीं करेगा, बाबा." त्या बसवलेल्या फळ्यांवरून तुम्ही तळवा फिरवलात, अगदी ते फिरवायचे तसा. पेटी तुम्ही पुढे गावी निघालेल्या कुणाबरोबर तरी पाठवलीत. त्यांचं पत्र कधी आलं नाही. त्यांनी तुम्हालाच दोषी धरलं असणार. नोटीस कुणाच्या दुकानातून जाते हे त्यांना माहीत होतं.

आणि त्यानंतर तुम्ही ते केलंत, ज्यामुळे मला आजही एका जागी बसवत नाही. टाइपरायटरवर मजकूर झाला की नंबराची जागा रिकामी सोडायचात आणि खुर्ची मागे सरकवायचात. "आकडे तू टाइप कर. माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला." गावभर ज्याच्या आकड्यांची खात्री द्यायचे तो माणूस. गिऱ्हाइकं बघायची, तुम्ही पाणी प्यायला उठायचात, आणि मी टाइप करायचे. पुढे कॉम्प्युटर आला तरी तेच. पळालेल्या माणसांच्या नोटिसा तेवढ्या बंद केल्यात, त्यापायी अर्ध्या कंपन्यांची कामं गेली, तरी हूं की चूं केलं नाहीत. मी कॉलेजला पुण्याला गेले आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. तुम्हाला गावी न्यायच्या कागदांवर तुमचा पासपोर्ट नंबर पुण्याहून येऊन मीच लिहिला. उलटा वाचून पाहिला. बरोबर होता.

आता मी हमरियाच्या फ्री झोनमध्ये मालाची कागदपत्रं तपासते. ऑफिसात म्हणतात, मॅडमच्या नजरेतून काही सुटत नाही. कौतुकाने म्हणतात, आणि मी उठून पाण्याच्या कूलरकडे जाते. मला एकच कळत नाही. रोज दुकान बंद करताना तुम्ही फडक्याने माझं स्टँड पुसायचात, पट्टीची खाच सुद्धा. त्या शनिवारीही पुसलं असेल. मग तुम्हाला कळलं होतं का? हॉलमध्ये मी ऐकते आहे हे ठाऊक असताना तो दोष तुम्ही स्वतःवर घेतलात का? आणि आकडे माझ्याकडे दिलेत, ती शिक्षा होती की भरवसा होता? आईला विचारावं तर ती म्हणते, "त्यांनी तुझ्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही," आणि हे ऐकून मला रडूच येतं, कारण यातून दोन्ही अर्थ निघतात.

हे पत्र कुठे जाणार नाही. पाकिटावर घालायला पत्ता नाही, आणि गाडीही येत नाही आता. पण सगळं सांगते म्हणाले आणि एक गोष्ट वर गाळली, ती लिहून टाकते. मी 'दुरुस्त केला' असं लिहिलंय ना, मी तो नंबर टाइप केलाच नव्हता. शिक्का मारलेला कागद परत टाइप कसा करणार? त्या दोन आकड्यांखाली व्हाइटनर होतं. तुम्ही कधी व्हाइटनर वापरायचा नाहीत, म्हणायचात, हे म्हणजे गिऱ्हाइकाला चुना लावणं. एका अक्षरासाठी अख्खं पान परत टाइप करणारा माणूस, आणि तिथे पांढरा ठिपका. मी कागद ट्यूबलाइटकडे धरला, खाली तुमचे बरोबर आकडे दिसत होते, आणि वर सुतारकाकांचा फोटो. ही चूक नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं, बाबा. मी कागद परत स्टँडवर ठेवला आणि नखाने खरवडलं, पांढरा भुगा पट्टीच्या खाचेत पडला. आणि घरी आल्यावर कुणी बघायच्या आत नखातलं पांढरं धुऊन टाकलं.