शिकवणाऱ्याचं पान

॥ श्री ॥
खातीपुरा, जयपूर
६ जुलै २०२५

ती. आसावरीताईंस,
धाकट्या जावेचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र तुमच्या शाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नका. घरच्या फोनवर सासूबाई स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाहीत, आणि मला जे सांगायचंय ते आधी तुम्ही एकटीने ऐकायला हवं. त्यांना नंतर कसं सांगायचं हेही तुम्हीच ठरवा.

तर बातमी अशी की तनयाला आता शाळेत पाठवत नाहीये, घरीच शिकवणार आहे. तुमचे दीर विशाल एप्रिलमध्ये सरहद्दीवर गेले तेव्हापासून क्वार्टरमध्ये आम्ही दोघीच. पठाणकोट, भोपाळ, जयपूर अशी आठ वर्षांच्या पोरीची ही तिसरी शाळा. दर बदलीत अर्धं पुस्तक मागच्या गावी राहतं आणि अर्धं पुढच्या गावी शिकवून झालेलं असतं. इथल्या एका ओळखीच्या बाईंनी दोन्ही मुलांना घरी शिकवलं, आणि मुलं सोन्यासारखी निघाली. विशालना विचारलं तर म्हणाले, तुला झेपत असेल तर कर, पण तिला मैत्रिणी कुठून आणशील ते सांग. ते मी अजून ठरवलेलं नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिचं नाव पटावर ठेवायचं शाळेने कबूल केलंय. त्यानंतर कमी करणार, आणि मग तिथे परत प्रवेश मिळणं अवघड.

शाळा तशी वाईट नाही. तिच्या वर्गाच्या शेखावत मॅडम तर फारच चांगल्या म्हणे. मी घातलेल्या वेण्या घट्ट होतात म्हणून मॅडमनी सोडून सैल घातल्या. माझ्या आमटीपेक्षा मॅडमच्या डब्यातली गट्ट्याची भाजी चवदार. पेन्सिल मॅडम धरतात तशी धरायची, मतलब माझी धरायची पद्धत चुकीची. मॅडम कोटा साडी नेसतात आणि मुलांना बच्चा म्हणतात. असो. मुद्दा बदल्यांचा आहे.

तिसरीची मराठी पुस्तकं पाठवा आणि सुरुवात कुठून करायची ते लिहा. आहे तो लोभ वाढता ठेवावा, आणि रागवायचंच असेल तर जरा हात राखून रागवावं.

तुमची,
हर्षाली


॥ श्री ॥
कराड
२१ जुलै २०२५

चि. सौ. हर्षालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं आणि वर्गावर जायला मलाच उशीर झाला. पोरं खूश झाली. पुस्तकं वेगळी पाठवतेय. सासूबाईंना सांगितलंय की तनूच्या शाळेत बांधकाम चालू आहे. खोटं मी बोलले, निस्तरायचं तू.

मुद्दा बदल्यांचा आहे असं लिहितेस. बदल्यांना चार ओळी आणि मॅडमना अख्खा परिच्छेद. अगं, आयांचे चेहरे वाचण्यात माझी अख्खी नोकरी सरली, तुझं अक्षर वाचायला मला कितीसा वेळ लागणार? सरळ विचारते, तुला शाळा नकोय की शेखावत मॅडम नकोत?

शाळा नको असेल तर माझी काही हरकत नाही. घरी शिकवण्यात वाईट काही नसतं. माझ्या वर्गातल्या दोघातिघांना घरीच बरं झालं असतं असं मला कितीदा वाटतं. तू हुशार आहेस, तुला धीरही आहे, आणि भाऊजींच्या बदल्या काही खोट्या नाहीत. पण मॅडम डोळ्यांत सलतात म्हणून मुलीची शाळा सोडवत असशील तर ते पाप मॅडमच्या नाही, तनूच्या वाट्याला येईल. मैत्रिणींचं काय केलंस?

आमचा निलय पुण्यात बरा असेल असं समजते. त्याची खुशाली आईआधी काकूला पोचते, तेव्हा मला कळवत जा.

तनूला पापा. माया आहेच, ती गृहीत धरून पुढचं पत्र खरं खरं लिहावं.

तुझी,
आसावरी


॥ श्री ॥
खातीपुरा, जयपूर
३१ ऑगस्ट २०२५

ती. आसावरीताईंस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र आल्यावर दोन दिवस मी तुमच्याशी बोलत नव्हते. तुम्हाला कराडात कळलं नसेल एवढंच. तुम्ही पडलात बाई, बाईंचीच बाजू घेणार.

अभ्यास झकास चाललाय. खातीपुरा स्टेशनावर उभं राहून गाडीच्या डब्यांवर गुणाकार शिकवला. झोटवाड्याच्या बाजारात सुट्टे पैसे तिलाच मोजायला लावते. पोळी लाटताना अपूर्णांक, आंघोळीच्या पाण्यात माप, गादीवर पडल्या पडल्या पाढे. इतर मुलांची शाळा दुपारी सुटते, आमची सुटतच नाही. तनया सगळं बरोबर करते. हट्ट करत नाही, दंगा करत नाही. मैत्रिणी संध्याकाळी मैदानात भेटतात, पण त्या वर्गातल्या गोष्टी बोलतात आणि ही मधेच घरी येते.

आता खरं लिहायचं तर लिहिते. एप्रिलमध्ये तिला ताप चढला होता. मी रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि ही ग्लानीत मॅडम, मॅडम करत होती. नवरा लांब, एकच पोर, आणि तिच्या तोंडी परकं नाव. माझ्या काळजात असं काही पेटलं की आजवर विझलेलं नाही. जळते मी त्या बाईवर. झालं समाधान?

आणखी ऐका, हसा हवं तर. बाजारातून मी फिकी गुलाबी कोटा साडी आणली. ती नेसून तनयाला शाबाश बच्चा म्हणाले. ती साडीकडे बघत म्हणाली, मॅडमचं बोलणं मॅडमनाच चांगलं दिसतं. साडी कपाटात गेली. पण मीही हटले नाही. अभ्यासाच्या वेळी मला मॅडमच म्हणायचं असा नियम केला. पहिल्यांदा अडखळली, आता सवय झालीय. शेखावत मॅडमचं नावसुद्धा हल्ली फारसं निघत नाही.

दसरा महिन्यावर आलाय. आपल्या घरची रीत तुम्हीच मला शिकवलीत. पाटीपूजन झालं की मुलांनी पहिलं सोनं देवाला द्यायचं, दुसरं शिकवणाऱ्याला, मग आईवडिलांना. गेल्या दसऱ्याला दुसरं पान तनयाने मॅडमसाठी दप्तरात ठेवलं आणि सुट्टी संपेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. यंदा शिकवणाऱ्याचं पान माझं आहे. ते एकदा हातात पडलं की माझा जीव थंड होईल, आणि शाळेत नाव कमी करायचा अर्ज देऊन टाकीन.

निलय मजेत आहे. परवा पिठलं कसं करायचं ते विचारत होता. माझ्यावरचा राग पत्रात संपवावा, मनात साठवू नये.

तुमची,
हर्षाली


॥ श्री ॥
कराड
१५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. हर्षालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पिठल्याचं वाचलं. मी इथे रोज पिठलं करते आणि माझा मुलगा ते जयपूरला विचारतो. तू मनातलं लिहिलंस, तर आता माझंही ऐक.

तुझं लग्न झालं तेव्हा निलय लहान होता. मी शाळेत जायची आणि तो दिवसभर तुझ्या कडेवर. संध्याकाळी मी हात पुढे केले की तुझ्या पदरात तोंड लपवायचा. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, काकूचं वेड लागलंय पोराला. मी पण हसायची, आणि मोरीत जाऊन कपडे जोरात आपटायची. तो पहिलीला आला तेव्हा गावातली शाळा जवळ असताना मी त्याला माझ्या शाळेत, माझ्याच वर्गात घातलं. सगळ्यांना सांगितलं, माझ्या नजरेखाली राहील. खरं कारण एवढंच की तो तुझ्यापासून लांब राहील.

वर्गात सगळी पोरं बाई म्हणायची, तोही बाई म्हणायला लागला. मला गंमत वाटली. मग घरीही म्हणायला लागला. बाई, पाणी द्या. बाई, पोट दुखतंय. इतरांची बाई शाळेत राहायची, त्याची बाई त्याच्याबरोबर एसटीने घरी यायची, ताटात काय टाकलंस ते विचारायची, झोपताना शुद्धलेखन बघायची. त्याला आई हवी झाली की तो तुझ्याकडे यायचा, कारण घरात त्याला काही न शिकवणारी तू एकटीच होतीस. पुढच्या वर्षी मी त्याची शाळा बदलली. आई म्हणायला लागला, पण अजून माझ्याशी बोलताना पाठ ताठ करून बोलतो. आणि पुण्याहून पहिला फोन तुलाच जातो. जळते ना मी, आजही जळते.

तुला आज्ञा करत नाही. घरी शिकव, नाहीतर शाळेत पाठव, तनू शिकेल. फक्त तो मॅडम म्हणायचा नियम मला बरा दिसत नाही.

दसऱ्याचं सोनं इथून पोस्टाने टाकलं असतं, पण वाळून चुरा होईल. तिथे कचनारची पानं आपट्यासारखीच दिसतात, चालतील. जाऊ म्हणून नव्हे, जळकी माणसं एकमेकींची सोबतीण असतात म्हणून लोभ ठेवावा.

तुझी,
आसावरी


॥ श्री ॥
खातीपुरा, जयपूर
९ ऑक्टोबर २०२५

ती. आसावरीताईंस,
शि. सा. नमस्कार, आणि उशिराचं सोनं घ्यावं.

तुमचं पत्र मिळालं होतं. वाचून घडी करून ठेवलं. तुमचं तुमच्यापाशी, माझी तनया वेगळी, असं मनाशी म्हटलं.

दसऱ्याला सकाळी कचनारची पानं आणली. तनयाने पाटीवर एक-एकच्या आकड्यांची सरस्वती काढली, फुलं वाहिली. पहिलं पान देवाला दिलं. दुसरं घेऊन माझ्याकडे आली, हे शिकवणाऱ्याचं असं म्हणाली आणि वाकून पाया पडली. ताई, त्या क्षणी मला काय वाटलं ते लपवत नाही. शेखावत मॅडम हरल्या, असंच वाटलं.

मग तिने एक पान बाबांना पाठवायच्या पाकिटात घातलं. शेवटचं उरलं ते कंपासपेटीत ठेवायला लागली. ते कुणाचं म्हणून विचारलं, तर म्हणाली आईचं. मी हसून हात पुढे केला. तिने पान दिलं नाही. रुसली नव्हती, चिडली नव्हती, मी शिकवल्याप्रमाणे नीट उभी राहून तिने सांगितलं की आईचं पान शाळा सुटल्यावर देणार. आणि मग मला मॅडम अशी हाक मारून विचारलं की शाळा कधी सुटेल.

माझ्या एका हातात शिकवणाऱ्याचं पान होतं, दुसरा रिकामाच पुढे केलेला. तुमचं पत्र पुन्हा काढून वाचलं.

त्याच संध्याकाळी निलयचा फोन आला. वाजत होता तोवर बघत बसले, उचलला नाही. फार जड गेलं. त्यानंतर तुम्हाला आला असेल तर कळवा, नसेल आला तर कळवू नका.

विशालना सगळं सांगितलं. ते म्हणाले की बदल्यांचं नुकसान संध्याकाळी तासभर बसून भरून काढता येईल, आणि तो तास आईनेच घ्यावा. परवा तनयाला घेऊन शाळेत गेले. नाव अजून पटावर होतं. शेखावत मॅडम मला बघून म्हणाल्या की मेरी आई ऐसा कहती है हे तनयाचं ऐकून ऐकून गेलं वर्षभर त्यांचे कान किटले होते, आणि आपल्या मुलाने कुठे आपलं असं नाव घेतलं असेल का असं त्यांना वाटायचं. ऐकून बरं वाटलं. तरी त्यांनी वर्गात नेण्यासाठी तनयाचा हात धरला तेव्हा माझा जीव जळलाच. तो काही एवढ्यात सुधारायचा नाही. माझ्याकडचं शिकवणाऱ्याचं पान तेवढं मी त्यांच्या टेबलावर ठेवून आले.

शाळा सुटायच्या खूप आधी मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. घंटा झाली. मुलांच्या लोंढ्यातून तनया आली ती धावतच, एक वेणी सुटलेली. समोर उभी राहून तिने दप्तर खाली टेकवलं, कंपासपेटी उघडली आणि कडा मोडलेलं, वाळून तपकिरी झालेलं पान माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, आई, शाळा सुटली.

लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

तुमची,
हर्षाली