खालचा आकडा

सोमवार, २० नोव्हेंबर १९६१. किहीम.

आलो एकदाच्या. मी रेवसच्या कोळीवाड्यातली तुळशी, आणि ही माझी सून रतन, सातव्या महिन्याची. गाडीत पोट असं धरून बसली होती, जशी काय माशांची टोपलीच. लेक सदा मुंबईला गोदीत. त्याला खोली मिळेस्तोवर दत्तात्रेयशेठच्या या रिकाम्या बंगल्याची राखण आमच्याकडे. बंगला नवाकोरा, भिंतींना अजून चुन्याचा वास. शेठची अट एकच. रोज दुपारी बाराला विजेचे दोन्ही मीटर बघायचे, आकडे या वहीत उतरवायचे, घरात काय झालं तेही लिहायचं. मला अक्षर येत न्हाय. रतन चौथी पास. मी बोलते, ती टाक चालवते. तिला बजावलंय, मी बोलेन तस्संच लिही, शहाणपणा करून सुधारू नकोस. हे कशाला लिहिलंस, म्हटलं, तर म्हणते, तुम्हीच सांगितलंत ना, आय!

मंगळवार, २१ नोव्हेंबर

काळूराम वायरमन सायकलवरून आला, शिकवून गेला. ओटीवरचा मीटर नवा. त्याच्या बारक्या खिडक्यांतून आकडे दिसतात, डावीकडून उजवीकडे वाचायचे, शेवटचा लाल सोडायचा. ते काम रतनचं. पंपघरातला जुना. चार गोल तबकड्या, प्रत्येकीत एक काटा. शेजारशेजारचे काटे उलट फिरतात. एकाची भरती, तर दुसऱ्याची ओहोटी. हे मला लगेच कळलं. काळूराम म्हणाला, काटा दोन आकड्यांच्या मधे असला तर खालचा आकडा धरायचा, वरच्याला केसभर कमी असला तरी खालचाच. मला हसू आलं. म्हटलं, बाबा, कोळणीचा हात हाय माझा. वीस मासे मोजले की वर एक टाकायचा. खालचा आकडा माझ्या तोंडातून निघायचा न्हाय. त्यानं हात जोडले.

तीन तबकड्या शून्यावर. शेवटचा काटा आठ आणि नऊच्या मधे. लिही, नऊ.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

ओटीवरचा मीटर शहाणा हाय. दिवा लावला की चालतो, विझवला की थांबतो. पंपघरातला मात्र काल आठ, आज सात. पंप तर शेठनं अजून आणलेलाच न्हाय. रतन म्हणाली, आय, तुम्ही उलटा वाचलात. असेल. म्हटलं, ओहोटीचा काटा असेल तो, नाहीतर मीटरनं उपास धरला असेल.

शनिवार, २५ नोव्हेंबर

पाच. काळूरामला बोलावून घेतलं. शेवटचा काटा पुढेच जायला हवा, म्हणाला. मेन स्वीच खाली ओढला. आतली चकती तरी फिरतेच. तिच्यावरचा काळा ठिपका उजवीकडून डावीकडे, उलटा. मग त्यानं वायर हातानं चाचपत नेली. मीटरच्या वर दोन वितींवर ती तोडलेली. टोकावर चुना बसलेला.

चहाला थांबला न्हाय. जाताजाता सांगितलं, आमच्या आधी नीराबाई होती राखणीला. एकटीच. एका दुपारी दिसेनाशी झाली. लोक म्हणाले, भावाकडे गेली. चपला मात्र पंपघराच्या दाराशी.

रविवार, २६ नोव्हेंबर

चार. वहीची पहिली पानं चिकटलेली होती. रतननं वाफेवर सोडवली. नीराबाईची रोजनिशी. अक्षर डावीकडे कललेलं, वाऱ्यातल्या माडांसारखं, असं रतन म्हणते. तिचेही आकडे तसेच. आठ, सात, सहा, असे उतरत शून्य. शून्याच्या पुढे पान कोरं. म्हटलं, बाई हुशार होती, लिहून तरी ठेवलं.

रतनला आज जेवण गेलं न्हाय. मलाही.

सोमवार, २७ नोव्हेंबर

तीन. काळूराम फाटकाबाहेरच उभा राहिला. त्याला वहीचं सांगितलं, तर त्याचा चेहरा उतरला. नीराबाईला अक्षर येत नव्हतं, म्हणाला. पगाराला अंगठा लावायची. लिहून द्यायलाही कुणी नव्हतं.

मग ती पानं कुणी—

रतन, थांब. पाणी पी आधी.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

दोन. कालचं वाचून दाखव म्हटलं. रतन वाचत गेली आणि थबकली. पानाच्या तळाशी एक ओळ होती. मी बोलले नव्हते, तिनं लिहिली नव्हती. डावीकडे कललेली. त्यात एवढंच:

नीट बोल. ऐकू येतं.

रतनला इथं ठेवायची न्हाय. माझं काय, पिकलं पान. तिच्या पोटात जीव हाय. उद्या सकाळी काळूराम तिला रेवसला लाँचवर बसवून देईल. सदाला निरोप गेलाय, भाऊच्या धक्क्यावर येईल. ती रडते, तुम्हीपण चला म्हणते. पण शेठचा माणूस परवा सकाळी यायचाय. चावी त्याच्या हातात दिल्याबिगर दार सोडलं, तर शेठ उद्या सदाला चोराचा लेक म्हणेल. उद्या एक, परवा शून्य. शून्याच्या आत, परवा सकाळी चावी देऊन निघेन. एक दिवस हाताशी हाय.

बुधवार, २९ नोव्हेंबर

रतन गेली. लाँच सुटली असेल. बरं झालं.

बारा वाजले. पंपघरात आले. काटा शून्य आणि एकच्या मधे. म्हणजे एक. अजून एक दिवस—

न्हाय. काळूराम म्हणाला होता, मधे असला तर खालचा—

खालचा शून्य.

पहिल्या दिवसापासून मी वर एक टाकत आले—

काळा ठिपका थांबलाय.

चपला मी दाराशीच काढल्या—

सवयीनं बोलत्येय नुसती. लिहायला आज कुणी न्हाय. वही तर मी मिटून ओटीवर—

टाक करकरतोय. इथं, माझ्या मागं. मी गप्प झाले की तोही गप्प. बोलले की—

रतन पोचू दे. तिला मागं वळून बघू देऊ नको. तिचं बाळ—

न्हाय, त्याचं नाव न्हाय काढायचं. बोलायचंच न्हाय. बोललं की लिहिलं जा—